पायली कोणत्या गावची?

रविवारची संध्याकाळ होती. पावसाने सकाळपासून ठाण मांडलेले. फिरायला गेलो तो अर्ध्या वाटेतून परतलो, छत्री व्हरांड्यात निथळत ठेवली आणि आत पाऊल टाकले, तर घर नेहमीचे वाटेना. मुलगा मोबाइल हातात घेऊन उभा. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात, हातातला कालथा तसाच. आणि जेवणाच्या टेबलाशी नात, मान खाली घालून, टेबलावरच्या कापडाचा काठ नखाने कुरतडत बसलेली.

“काय झालं?” मी विचारले.

“विचारा तुमच्या नातीलाच, अण्णा,” मुलगा म्हणाला. “मागच्या रविवारी पाचशे चौऱ्याऐंशी होते. आज चारशे एकतीस. सात दिवसांत एकशे त्रेपन्न मार्क गेले कुठे?”

मुलगा बँकेत आहे. हिशेबात फरक आला की तो कुठे आला हे सापडेपर्यंत त्याला चैन पडत नाही. पण नातीकडे उत्तर नव्हते. “मला भूक नाही,” एवढे म्हणून ती उठली आणि खोलीत गेली. दार आपटले असते तर बरे वाटले असते. तिने ते हळूच लोटून घेतले, आणि तेच मला जास्त लागले.

घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर मांडू नये, हे मला कळते. पण ज्या ज्या घरात बारावी आणि ‘नीट’ एकत्र नांदत आहेत, त्या बहुतेक घरांत रविवारच्या संध्याकाळी थोड्याफार फरकाने हेच घडत असते. म्हणून लिहितो आहे.

ज्यांच्या घरी सध्या असे कुणी नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती. डॉक्टर व्हायचे तर नीट ही एकच परीक्षा. २०२५ मध्ये तिच्यात १८० प्रश्न होते आणि वेळ १८० मिनिटे. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलेल्या उत्तराला १ गुण वजा; एकूण गुण ७२०. त्या वर्षी देशभरातून २२ लाखांवर मुले बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्या आसपास. तेव्हा स्पर्धा खोटी नाही आणि पालकांची काळजीही खोटी नाही. एवढी मोठी परीक्षा देण्याआधी तालीम हवीच. म्हणून दर रविवारी सराव परीक्षा, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘टेस्ट सिरीज’. नातीच्या क्लासची एक मालिका होतीच. मुलाने मोबाइलवरून पैसे भरून दुसरीही घेतली होती. हेतू चांगला, की दोन्ही बाजूंनी तयारी व्हावी. ५८४ गुण क्लासच्या पेपरातले होते आणि ४३१ या दुसऱ्या मालिकेतले.

म्हणजे मुलाने काय केले होते? दोन वेगवेगळ्या पेपरांतले गुण एकाखाली एक मांडले होते आणि वजाबाकी केली होती.

मी ३१ वर्षे ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवले. अकरावीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मुलांच्या हाती व्हर्नियर कॅलिपर देताना मी सांगत असे, “आधी जबडे मिटवा आणि शून्याला शून्य जुळतो का ते पाहा. जुळत नसेल तर घेतलेलं प्रत्येक माप तेवढ्यानं चुकणार. वस्तू मोजण्याआधी माप तपासा.” माझ्या आईने भौतिकशास्त्राचे नावही ऐकले नव्हते, पण ती हेच दुसऱ्या शब्दांत सांगायची. अमुक बाजारात जोंधळ्याची पायली स्वस्त मिळते, असे कुणी म्हणाले की ती आधी विचारी, “पायली कोणत्या गावची?” कारण जुन्या काळी पायली गावागणिक लहानमोठी असे. माप ठाऊक नाही तर भाव ऐकून काय करायचे? पुढे १९५६ च्या कायद्याने देशभर किलो आणि लिटर आले आणि धान्याचा हा घोळ मिटला. गुणांचा मात्र अजून मिटलेला नाही.

त्या रात्री नातीच्या खोलीचे दार वाजवले आणि दोन्ही पेपर मागून घेतले. चष्मा, कोरे कागद आणि पेन्सिल घेऊन बसलो. क्लासचा पेपर सरळ होता. जीवशास्त्राचे बहुतेक प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या ओळी थोड्या फिरवून विचारलेले, भौतिकशास्त्राची गणिते एका सूत्रात सुटणारी. दुसऱ्या पेपराची गोष्ट निराळी. भौतिकशास्त्रातले पहिले चार प्रश्न सोडवायला मला, म्हणजे ज्याने आयुष्यभर दुसरे काही केले नाही अशा माणसाला, ११ मिनिटे लागली. नीटमध्ये एका प्रश्नाच्या वाट्याला एक मिनिट येते! त्याहून गंमत रसायनशास्त्रात होती. त्यात सॉलिड स्टेट आणि पॉलिमर या प्रकरणांवरचे चार प्रश्न होते. ही प्रकरणे २०२४ च्या नीटपासून अभ्यासक्रमातून वगळलेली आहेत. म्हणजे जुन्याच पेपरावरची धूळ झटकून तो नवा म्हणून विकला होता. नातीने त्यातले दोन प्रश्न अंदाजाने सोडवले होते आणि दोन्ही चुकून दोन गुण घालवले होते. जे शिकायचेच नव्हते त्याबद्दलही ती त्या संध्याकाळी बोलणी खात होती.

पण मला पेपर कठीण वाटला, हे काही माप नव्हे. बी.एड. करताना आम्हाला एक साधी गोष्ट शिकवली होती. प्रश्न सोपा की कठीण हे प्रश्न काढणारा ठरवत नाही, सोडवणारे ठरवतात. शंभर मुलांतल्या ऐंशी जणांना जमला तर तो सोपा, वीसच जणांना जमला तर कठीण. याला ‘काठिण्यमूल्य’ असे भारदस्त नाव आहे. त्याच्या जोडीला दुसरी कसोटी ‘भेदनक्षमता’. ज्याची तयारी आहे त्याला प्रश्न सुटतो आणि ज्याची नाही त्याला अडतो, असे होते का? सगळ्यांना सुटणारा प्रश्न काहीच सांगत नाही आणि कुणालाच न सुटणारा प्रश्नही काहीच सांगत नाही. म्हणजे एका मुलाचे गुण समजून घ्यायचे तर त्याच पेपरात इतरांचे काय झाले हे कळायला हवे. नुसता ४३१ हा आकडा म्हणजे गावाचे नाव न सांगता सांगितलेली पायली.

क्लासने सरासरी कळवली नव्हती. पहिल्या दहा मुलांचे फोटो तेवढे पाठवले होते. मोबाइलवरच्या मालिकेने ‘रँक’ दिली होती, पण ती कुणामधली? कुणी पेपर रात्री सोडवला, कुणी दोन बैठकांत, कुणी पुस्तक शेजारी उघडे ठेवून. अशा शर्यतीतल्या नंबराला काय अर्थ?

शेवटी मी गावठी उपाय केला. नातीबरोबर अभ्यासिकेत बसणाऱ्या सहा मैत्रिणींनी दोन्ही पेपर दिले होते. शनिवारी संध्याकाळी त्यांना घरी बोलावले. सूनबाईंनी पोहे केले. मुली आधी बिचकत होत्या, कारण आकडा सांगायचा म्हणजे जणू गुन्हा कबूल करायचा. मी कागदावर नावे न लिहिता सात ओळी आखल्या आणि दोन रकाने पाडले. भरून झाल्यावर कागद टेबलाच्या मध्यभागी ठेवला. सातही जणींचे गुण दुसऱ्या पेपरात उतरलेले होते. कुणाचे कमीत कमी ११८ ने, कुणाचे जास्तीत जास्त १७१ ने. माझ्या नातीचे १५३ ने. पहिल्या पेपरात सात जणींत ती तिसरी होती, दुसऱ्यात दुसरी.

क्षणभर कुणी बोलले नाही. मग त्यांतली एक, जी सगळ्यांत गप्प होती, ती म्हणाली, “म्हणजे मी एकटीच नाही?” आणि एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. त्या आठवड्यात सातांपैकी पाच घरांत बोलणी बसली होती, एकीचा मोबाइल काढून घेतला होता आणि एकीच्या वडिलांनी ‘पुढच्या वर्षाची फी भरणार नाही’ असे सांगितले होते.

सात हा आकडा लहान आहे, त्यावरून कुठला सिद्धांत निघत नाही, हे मला माहीत आहे. पण घरात दिलेला निकाल चुकीचा होता एवढे कळायला तो पुरेसा होता. एकशे त्रेपन्न मार्क कुठेही गेले नव्हते. पायली बदलली होती.

आता या गोष्टीची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ‘आजोबांनी नातीची वकिली केली’ असे व्हायचे. दोन्ही पेपर शेजारी ठेवून मी गुण बाजूला सारले आणि फक्त चुका पाहिल्या. तेव्हा दिसले की आनुवंशिकतेवरचे तीन प्रश्न तिचे सोप्या पेपरातही चुकले होते आणि कठीण पेपरातही तीनच. ही खरी दुखरी जागा होती. पण पहिल्या रविवारी ५८४ पाहून आम्ही पेढे आणले होते. चुका कुणी पाहिल्याच नाहीत. मैत्रिणींतल्या एकीचा नंबर पहिल्यावरून पाचवा झाला होता. तिला सगळे येत होते, पण अवघड गणितात ती अडकून बसली आणि शेवटचे २५ प्रश्न वाचायचेच राहिले. तिलाही तिची खरी गोष्ट त्या कठीण पेपरानेच सांगितली. म्हणजे सोपा पेपर फसवतो तो कौतुक करून, कठीण फसवतो तो घाबरवून. कोणता पेपर कसला आहे हे कळले, तर दोन्ही उपयोगाचे आहेत.

पेपरांत एवढा फरक पडतो कसा? एक कारण प्रामाणिक आहे. दर आठवड्याला १८० नवे, निर्दोष आणि योग्य तेवढेच कठीण प्रश्न काढणे हे फार मेहनतीचे काम आहे, आणि ते आधी मुलांकडून सोडवून पाहायला कुणाला सवड नसते. दुसरे कारण धंद्याचे आहे. सगळेच क्लासवाले असे करतात असे मी म्हणणार नाही. जीव तोडून शिकवणारे शिक्षक मी तिथेही पाहिले आहेत. पण वर्षाच्या सुरुवातीला मूल घाबरले की जादा बॅच भरते आणि परीक्षेच्या तोंडावर मूल खूश झाले की पालक खूश होतात, हे न कळण्याइतके कुणी भोळे नसते. मुलांत एक समजूत तर अशी आहे की जेवढा पेपर कठीण तेवढी मालिका भारी. औषध कडू म्हणजे गुणकारी, तसेच हे.

यावर मुलगा म्हणाला, “अण्णा, पण तालमीत जड वजन उचललं म्हणजे आखाड्यात हलकं जातं ना?” निम्मे खरे आहे. पण पैलवानाला वजन किती द्यायचे आणि कधी द्यायचे हे वस्ताद ठरवतो, आणि वजन किती आहे हे त्याला ठाऊक असते. वर्षभर फक्त किचकट प्रश्न सोडवणारे मूल सरळ प्रश्नातही गोम शोधत बसते आणि वेळ घालवते. फक्त सोपे पेपर सोडवणाऱ्या मुलांचे काय होते, ते २०२५ च्या नीटने दाखवले. भौतिकशास्त्राने त्या दिवशी भल्याभल्यांना घाम फोडला.

आणि खरी परीक्षा तरी दरवर्षी एकाच मापाची असते काय? २०२४ च्या नीटच्या पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० गुण होते. वाढीव गुणांचा वाद, फेरपरीक्षा, उत्तरसूचीतली दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालय एवढे सगळे झाल्यावर ही संख्या १७ वर आली. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण होते ६८६, आणि ६५० च्या वर गुण मिळवणारी मुले शंभरसुद्धा भरली नाहीत. आदल्या वर्षी ती हजारोंनी होती. खुल्या गटासाठी पात्रतेची किमान मर्यादा २०२२ मध्ये ११७ होती, २०२४ मध्ये १६२ आणि २०२५ मध्ये १४४. मग २०२४ ची मुले हुशार आणि २०२५ ची मठ्ठ म्हणायची का? पेपर वेगळा होता, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या एमएचटी-सीईटीचे उदाहरण घ्या. ती अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो, म्हणून तिथे नुसते गुण न धरता पर्सेंटाइल काढतात, म्हणजे त्याच सत्रातल्या किती टक्के मुलांच्या बरोबरीने वा पुढे तुम्ही आहात ते पाहतात. दोन पेपरांच्या गुणांची सरकारसुद्धा थेट वजाबाकी करत नाही. ती आपण जेवणाच्या टेबलावर करतो.

पूर्वी हा घोळ नव्हता असे नाही, पण तो ओळखीचा होता. नव्वदच्या दशकात मेडिकलचा प्रवेश आपल्याकडे बारावीच्या गुणांवर होत असे. कॉलेजची प्रिलिम अवघड असते आणि तपासणारे हात आखडून गुण देतात, हे गावात सगळ्यांना माहीत होते. ‘प्रिलिमला साठ म्हणजे बोर्डाला पंचाहत्तर’ असा हिशेब घरोघरी चाले. पायली लहान होती, पण ती आपल्याच गावची होती. आता पेपर कुठून येतो, कुणी काढला, कुणासाठी काढला, काहीच कळत नाही. राहतो तो फक्त आकडा.

हे सगळे मी मोठ्या शहाणपणाने सांगतो आहे खरे. पण हे शहाणपण मला उशिरा आले, आणि त्याची किंमत मी दिलेली नाही, दुसऱ्याने दिली.

नोकरीतली माझी पहिली काही वर्षे होती. कठीण पेपर काढण्याचा मला अभिमान होता. ‘सरांचा पेपर कुणालाच सुटला नाही’ हे मुलांकडून ऐकले की मी सुखावत असे. एका सहामाहीला मी ५० गुणांचा असाच पेपर काढला. वर्गात खेड्यावरून सायकलने येणारा एक मुलगा होता. त्याला १७ पडले, म्हणजे तो नापास. दोन दिवसांनी त्याचे वडील आले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, “मास्तर, खरं सांगा, पोराला झेपंल का? नसंल झेपत तर एवढा खर्च नगं.” मी त्यांच्यापुढे त्याची उत्तरपत्रिका ठेवली आणि म्हणालो, “तुम्हीच बघा.” त्यांना वाचता येत नव्हते, तांबड्या शाईतला आकडा तेवढा कळला. दिवाळीनंतर तो मुलगा वर्गात दिसला नाही.

पुष्कळ वर्षांनी एसटी स्टँडवर त्याने मला हाक मारली. दुधाचा धंदा करतो, दोन गाड्या आहेत, चांगले चालले आहे. मला आग्रहाने चहा पाजला. मग उठता उठता अगदी सहज म्हणाला, “सर, एक विचारू? त्या सहामाहीला वर्गात पहिल्याला किती होते हो?”

मला आठवत होते. म्हणालो, “सव्वीस.”

तो काही बोलला नाही. सव्वीस आणि सतरा यांच्यामध्ये वर्गातली फार तर आठ मुले होती. साठांच्या वर्गात तो पहिल्या दहांत होता, आणि त्याच्या बापाला मी हे सांगितले नव्हते. तो डॉक्टर झाला असता की नाही, कोण जाणे. कदाचित नसताही झाला. पण ते ठरवायचा हक्क माझ्या त्या पेपराला नव्हता. माझ्या पायलीचे बूड वर आलेले होते आणि मी तिने त्याचे धान्य मोजले होते.

आज ही चूक एकट्यादुकट्या मास्तराच्या हातून होत नाही, दर रविवारी लाखो घरांतून होते. आणि कधीकधी तिचे टोक फार भयंकर असते. जून २०२५ मध्ये, आपल्याच महाराष्ट्रात, नीटच्या सराव परीक्षेत कमी गुण पडले म्हणून वडिलांनी केलेल्या मारहाणीत बारावीतल्या मुलीचा जीव गेल्याची बातमी आपण वाचली. खऱ्या परीक्षेत नव्हे, सरावाच्या परीक्षेत. त्याआधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, राजस्थानातल्या कोट्यात विद्यार्थ्यांच्या आत्महत्या वाढल्यावर तिथल्या जिल्हा प्रशासनाला क्लासवाल्यांना सांगावे लागले की दोन महिने चाचण्याच घेऊ नका. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. क्लासमधल्या चाचण्यांचे निकाल जाहीर करू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गुणांवरून मुलांच्या तुकड्या शक्यतो पाडू नयेत आणि त्यांची चारचौघांत मानहानी करू नये. हे सगळे योग्यच आहे. पण ही तत्त्वे क्लासच्या दारापर्यंत येऊन थांबतात. घराच्या उंबऱ्याच्या आत कुठले मार्गदर्शक तत्त्व पोहोचणार? तिथे आपल्यालाच शहाणे व्हायला हवे.

मग करायचे काय? माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. पहिली, दोन मालिकांचे गुण एका वहीत एकाखाली एक लिहू नका. क्लासच्या पेपराची तुलना क्लासच्याच मागच्या पेपराशी करा, तीही बेताने. दुसरी, क्लासवाल्यांना फीच्या पावतीबरोबर एक प्रश्न विचारा: “या पेपराची सरासरी किती होती?” ती सांगायला त्यांना पाच मिनिटे लागत नाहीत. पालकांनी विचारले नाही म्हणून ते सांगत नाहीत. तिसरी, मागच्या वर्षांचे नीटचे खरे पेपर जपून ठेवा. मुलांना ते तुकड्यातुकड्याने सोडवून संपवू देऊ नका. महिन्यातून एकदा, घड्याळ लावून, सलग तीन तास, काळ्या पेनने वर्तुळे रंगवत एक पेपर सोडवू द्या. त्या वर्षी त्या पेपरात देशातल्या मुलांचे काय झाले होते हे आपल्याला माहीत असते. म्हणून त्या गुणांना अर्थ असतो. घरात ठेवण्यासारखे प्रमाणित माप हेच. आणि चौथी, गुण पाहण्याआधी चुका पाहा. आलेच नाही म्हणून चुकले किती, येत असून घाईत चुकले किती, अंदाजाने ठोकले किती आणि वेळ संपला म्हणून राहिले किती. हे चार रकाने भरले की पुढच्या आठवड्यात काय करायचे ते कुणी सांगावे लागत नाही. एकूण गुणांचा आकडा हे कधीच सांगत नाही.

यातून सगळ्यांना प्रवेश मिळेल, असे मी म्हणत नाही. २२ लाखांतून सव्वा लाख, हे गणित कोणत्याही पोह्यांनी बदलत नाही. काही मुलांना वेळेवर ‘दुसरी वाट बघ’ असे सांगणेही आईबापांचेच काम आहे. पण ते सांगायचे तर खऱ्या मापाने मोजून, अनेकदा मोजून आणि शांतपणे सांगावे. एका रविवारच्या आकड्यावरून नव्हे.

आमच्या घरात आता भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी एक वही टांगलेली आहे. तीत नातीने स्वतःच रकाने आखले आहेत. पहिला रकाना पेपर कुणाचा, दुसरा मैत्रिणींची सरासरी, मग चुकांचे चार. एकूण गुणांसाठी सगळ्यात शेवटी एक अरुंद जागा. आनुवंशिकतेचा अभ्यास तिने पुन्हा पहिल्यापासून केला आहे. मुलगा त्या वहीकडे रोज ऑफिसला जाताना पाहतो, पण बोलत काही नाही. त्याला न बोलणे किती जड जाते, हे मला दिसते. त्याचेही कौतुक करायला हवे.

तिची परीक्षा अजून व्हायची आहे. काय होईल ते मला माहीत नाही.

परवाच्या रविवारी ती पेपर देऊन घरी आली. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. चप्पल काढते न काढते तोच मी विचारून गेलो, “काय गं, किती पडले?” ३१ वर्षांची सवय, दुसरे काय!

ती थांबली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, “आजोबा, आधी पायली विचारा.”